पत्र्याच्या पेटीला स्टीलचं वावडं

आमच्या घरातली पहिली वीज काजूकतलीवर पडली. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. फ्रीजमध्ये राहून वड्यांच्या फरश्या झाल्या होत्या, आणि माझ्या वरच्या दातांपैकी दोन हल्लीच रोख पैसे मोजून बसवलेले. तेव्हा चार वड्या काचेच्या बशीत मांडल्या, बशी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, वीस सेकंद लावले आणि कमरेवर हात ठेवून विठोबासारखा समोर उभा राहिलो. दारातून आत बघत उभं राहायची मला सवयच आहे. आत बघण्यासारखं काही घडत नसतं, तरी बघतो. त्या दिवशी घडलं.

आधी ‘चट्’ झालं. मग चट्-चट्-चर्र, आणि प्रत्येक वडीच्या कडेने निळ्या-पांढऱ्या ठिणग्यांची झालर धावू लागली. बशी आपली संथपणे गोल फिरतच होती, त्यामुळे देखावा एखाद्या सार्वजनिक मंडळाने वर्गणी जमवून केल्यासारखा दिसत होता. सौ. ओरडली, “अहो, बंद करा ते आधी!” मी घाईघाईने समोरचं सर्वांत मोठं बटण दाबलं. त्या बटणाने यंत्र बंद होत नाही, तीस सेकंद वाढतात. मी पुन्हा दाबलं. साठ वाढले. शेवटी सौ.ने मला बाजूला सारून दार खेचलं. दार उघडलं की यंत्र थांबतं हे तिला माहीत होतं, कारण तिने माहितीपुस्तिका वाचली होती. मी फक्त वॉरंटीचं पान वाचलं होतं.

स्वयंपाकघरात जळकट वास पसरला. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला, “अरे, फटाके संपले म्हणून पोरांना काल सांगितलंस ना?”

मग चौकशी बसली. आत स्टीलचं काय ठेवलं होतं, असा सौ.चा सवाल. मी शपथेवर सांगितलं की बशी काचेची, चमचा नाही, झाकण नाही. सौ.च्या चेहऱ्यावर, आरोपी सराईत असल्यावर पोलिसांच्या चेहऱ्यावर असतो तो संयम होता. तेवढ्यात आईने एक वडी उचलली, भिंगाखाली धरली आणि म्हणाली, “वर्ख कुठे गेला?”

वर्ख गेला होता. जिथे चांदी होती तिथे करड्या ठिपक्यांची नक्षी उरली होती. धातू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पातेलं येतं, फार तर सळई. मायक्रॉनच्या आसपास पातळ असलेली आणि आपण जिभेवर विरघळवून खातो ती गोष्टही धातू असते, हे आयुष्याची एकसष्ट वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आईच्या आलं. तिने चांदी चौदा रुपये तोळा असल्यापासून ओळखली आहे.

हे यंत्र आमच्याकडे आलं ते मी निवृत्त झालो तेव्हा. पुण्याच्या मुलाने पाठवलं. “बाबा, आता घरी आहात तर आईला मदत होईल,” असं तो फोनवर म्हणाला. यंत्राची मदत की माझी, ते त्याने मोघम ठेवलं. दुकानाचा माणूस प्रात्यक्षिक दाखवायला आला. त्याने कपभर पाणी उकळून दाखवलं (आम्ही तिघांनीही पाणी उकळताना प्रथमच पाहिल्यासारखी दाद दिली), आणि जाता जाता दारात चपला घालताना म्हणाला, “बाकी सगळं चालेल, फक्त धातू आत ठेवायचा नाही.”

“मग ठेवायचं कशात?” आईने विचारलं.

हा प्रश्न मायक्रोवेव्ह काढणाऱ्याला कोणी विचारला नसावा, कारण तो डोंबिवलीत राहत नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात स्टील सोडून दुसरं काय आहे? मांडणी स्टीलची. तीवर पातेली, गंज, वाट्या, पेले, ताटं, ओगराळी, झारे, कालथे, उतरंडीने लावलेले डबे, सगळं स्टीलचं. आईच्या लग्नातलं पितळ कल्हईवाला यायचा बंद झाल्यावर माळ्यावर गेलं, आणि त्याच्या जागी हे चकचकीत राज्य आलं. निम्मी भांडी बोहारणीकडून घेतलेली. आईने तिच्याशी दारात तास तास बसून केलेले तह मला आठवतात. वडिलांच्या दोन पँटी, एक जरीची साडी आणि माझा शाळेचा स्वेटर एवढ्यावर आलेला तो मोठा डबा अजून आमचे तांदूळ सांभाळतो. माझा स्वेटर मात्र तेव्हा मी वापरत होतो.

उरलेली निम्मी लग्नामुंजींतली. त्यांवर नावं घातलेली आहेत. भांड्याच्या दुकानात तो टर्रर्र करणारा पेन हातात धरून माणूस बसलेला असायचा, आणि ‘चि. सौ. कां. हिस मामा-मामींकडून सप्रेम भेट’ एवढा मजकूर वाटीच्या काठावर अर्ध्या मिनिटात उतरवायचा. आमच्या घराण्याचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याला दप्तर धुंडाळायला नको. मांडणीवर तो सनावळीसकट उपडा घातलेला आहे. कोणता काका कोणत्या साली आमच्याशी बोलत होता आणि कोणत्या सालापासून नव्हता, हे तांब्यांवरून कळतं. अशा घरात एक पेटी येते आणि सांगते, तुमच्यापैकी कुणालाही आत प्रवेश नाही.

आणि ती पेटी तरी कशाची? आईने दार उघडून आतल्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. मग मान वळवून आमच्याकडे बघितलं. “हे तर आतून पातेलंच आहे!”

खरंच होतं. आतून लखलखीत पत्रा. इतकंच नव्हे, खोक्यातून यंत्राबरोबर एक तीन पायांची लोखंडी तिवईही निघाली होती. पुस्तिकेत चोविसाव्या पानावर लिहिलं होतं, धातू आत ठेवू नये. एकोणतिसाव्या पानावर लिहिलं होतं, सोबतची तिवई आत ठेवावी. सौ.ने दोन्ही पानं तीनदा वाचली, आणि शेवटी समजलं की एकाच पेटीत दोन संसार आहेत. नुसता मायक्रोवेव्ह चालू असेल तेव्हा धातू वर्ज्य. ग्रिल किंवा कन्व्हेक्शन लावलं की ती साधी गरम हवेची भट्टी होते, मग केकचा पत्र्याचा डबाही चालतो. म्हणजे त्याच देवळात सोमवारी चालतं आणि मंगळवारी बाटतं. आईला हे लगेच पटलं. सोवळ्याओवळ्यात तिचा आमच्यापेक्षा जास्त अनुभव आहे.

काजूकतलीच्या प्रकरणानंतर मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. विजेचं काहीही विचारलं की त्यांना आनंद होतो, आणि तो आनंद दीड तास टिकतो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आपण उभे राहिले.

“डोंबिवली स्टेशन,” काका म्हणाले, “सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.”

मी म्हटलं, “मी मायक्रोवेव्हचं विचारतोय.”

“मीही तेच सांगतोय. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. घराबाहेर पडून फलाटावर आलेले लोक समज. मायक्रोवेव्हची लहर आली की ते धावतात. लहर सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावे खाते, म्हणजे अनाउन्समेंट सारखी बदलते. फास्ट गाडी एकवर येतेय, नाही दोनवर येतेय, नाही एकवर. लोक इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता फलाट रुंद असला, सपाट असला, तर काय होईल?”

“काही नाही. धावतील.”

“धावतील आणि लहरीला आल्या वाटेने परत पाठवतील. म्हणून भिंती पत्र्याच्या. आतली लहर आतच राहते. पण फलाटाच्या टोकाला अरुंद जिना असला तर?”

एवढं विचारून काका थांबले. जिन्यात काय होतं ते डोंबिवलीकराला सांगावं लागत नाही. काट्या-चमच्यातल्या काट्याचं टोक, चुरगाळलेल्या फॉइलची सुरकुती, कपाच्या काठावरची झिजलेली सोनेरी रेघ हे सगळे जिने. तिथे गर्दी एवढी दाटते की विजेचा ताण आजूबाजूच्या हवेला सोसत नाही. हवेची सहनशक्ती मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट. तेवढ्याला हवा फाटते आणि ठिणगी पडते. आकाशात पडते तीच वीज, फक्त काजूकतलीच्या मापाची. वर्खाचं तर आणखी वाईट. तो इतका पातळ की धावणाऱ्या गर्दीच्या उष्णतेनेच फाटतो, त्याचे बारीक तुकडे होतात, आणि प्रत्येक दोन तुकड्यांमधली फट म्हणजे ठिणगीला आमंत्रण.

दारातून आतलं दिसतं, मग लहर बाहेर कशी येत नाही, हेही मी विचारून घेतलं, कारण मी नेमका तिथेच उभा असतो. काचेमागे भोकाभोकांची पत्र्याची जाळी असते. लहरीची लांबी सव्वाबारा सेंटिमीटरच्या जवळपास, भोक एक-दोन मिलिमीटरचं. हत्तीला दाराच्या कडीच्या भोकातून येता येत नाही, उजेडाला येतं. हीच युक्ती उलटी करून आपल्या खोडदला वापरली आहे. नारायणगावजवळ शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या. मी विज्ञान दिनाला एकदा गेलो होतो. लांबून भरीव वाटतात, जवळ गेल्यावर आरपार आभाळ दिसतं. तबकडी म्हणजे बारीक तारांची जाळी. वारा तिच्यातून जातो, आकाशातून आलेली रेडिओलहर मात्र जाळीला भरीव भिंत समजून परत फिरते. आणि तारा कसल्या, तर स्टेनलेस स्टीलच्या. हे मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिला बोहारणीचा अभिमान वाटला.

दुर्बिणवाले लोक मायक्रोवेव्हला वचकून असतात, ते उगीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटरच्या दुर्बिणीला १९९८ सालापासून अधूनमधून एक विचित्र रेडिओ-टिकली ऐकू यायची. दूरच्या आकाशातून यावी तशी, पण संशयास्पद. शास्त्रज्ञांनी तिला पेरिटॉन असं झोकदार नाव दिलं, पुढे तिच्यावर निबंध लिहिले. २०१५ साली उलगडा झाला. तिथल्या माणसांना जेवण गरम करताना दम धरवत नव्हता. टिंग व्हायच्या आत कोणी मायक्रोवेव्हचं दार खेचलं, की बंद पडता पडता यंत्रातून एक लहर निसटायची आणि दुर्बिणीच्या कानात जायची. सौ.ने काजूकतलीच्या वेळी जे केलं, नेमकं तेच. आमच्याकडे विश्वाबद्दल त्यातून काही गैरसमज झाला नाही, पण त्याला कारण दुर्बीण नसणं हे आहे.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या गृहस्थाबद्दल मला सहानुभूती आहे. पर्सी स्पेन्सर. फारसं शिक्षण नसलेला, अमेरिकेत रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे या लहरी काढणाऱ्या नळीवर, काम करणारा. १९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. आपल्याकडे या प्रसंगाचा शेवट बायकोच्या बोलण्यात आणि धोब्याच्या बिलात झाला असता. त्याने मक्याचे दाणे आणून ठेवले, ते फुलले. अंडं ठेवलं, ते फुटलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पेटंटचा अर्ज गेला. १९४७ साली बाजारात आलेली पहिली भट्टी जवळजवळ माणसाएवढी उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. ती आमच्या लिफ्टमध्ये मावली नसती आणि सोसायटीने आणूही दिली नसती. ओट्यावर ठेवण्याजोगी घरगुती भट्टी अमेरिकेत लोकप्रिय व्हायला १९६७ साल उजाडलं.

मला मात्र त्याच्याही आधीचा भाग जास्त आवडतो. हा मॅग्नेट्रॉन मुळात १९४० साली इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी घडवला. युद्ध चालू, म्हणून त्याच वर्षी हे गुपित अमेरिकेला पोचवायचं ठरलं. ते ज्यातून गेलं ती होती काळ्या रंगाची पत्र्याची पेटी. टॅक्सीवाल्याने ती टपावर बांधून लंडनच्या स्टेशनात नेली. मॅग्नेट्रॉन स्वतः तांब्याच्या ठोकळ्यातून कोरलेला. म्हणजे जन्म तांब्यात, प्रवास पत्र्यात, संसार स्टीलच्या भिंतींत, आणि आमची वाटी चालत नाही. हा निव्वळ माज आहे, असं माझं मत आहे.

आईचंही तेच मत असावं, कारण तिने प्रयोग केला. आम्ही भाजीला गेलो होतो. परत आलो तर आई ओट्यापाशी स्टुलावर बसलेली आणि यंत्राचं टेबल आत फिरतंय, त्यावर मामा-मामींची वाटी. सौ.च्या हातून कोथिंबीर पडली. मी डोळे मिटले. टिंग झालं. बाकी काही झालं नाही.

“दोन मिनिटं ठेवली,” आई म्हणाली. “ठिणगी नाही, काही नाही. आणि वरची आमटी कोमट, खालची गारच. पंधरा हजाराचं यंत्र!”

मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. काकांनी ऐकून घेतलं आणि फलाट रुंद असल्याची आठवण करून दिली. जाड, गुळगुळीत, गोल काठाची वाटी, मधोमध ठेवलेली, भिंतीपासून लांब. तिच्यात गर्दी दाटायला जिनाच नव्हता. लहरी तिच्यावर आपटून परत गेल्या. आमटीला ऊब मिळाली ती फक्त वरच्या उघड्या तोंडातून, आणि लहर पदार्थात फार खोल जात नाही. तीच वाटी भिंतीला टेकली असती तर दोघींच्या मधल्या फटीत दिवाळी झाली असती. आणि आत लहरी पिणारं काहीच नसलं, नुसता धातू असला, तर सगळी ताकद उलटून मॅग्नेट्रॉनवरच जाते. “म्हणजे आजींना म्हणावं, नशीब,” काका म्हणाले. मी हा निरोप पोचवला नाही. घरात राहायचं आहे.

शेजारच्या पोरांनी मग माझ्या ज्ञानात आणखी गोंधळ घातला. ते मायक्रोवेव्हचं पॉपकॉर्न आणतात, त्या पाकिटाच्या एका बाजूला आतून धातूचा पातळ थर मुद्दाम बसवलेला असतो. तो तापावा आणि दाणे फुटावेत म्हणून. ठरवून बसवलेला धातू चालतो, चुकून राहिलेली स्टेपलची पिन चालत नाही. सरकारी कचेरीतही असंच असतं.

काजूकतलीने जाता जाता एक डाग ठेवला होता. आत उजव्या भिंतीवर करड्या पुठ्ठ्यासारखा एक चौकोन असतो, तो काळा पडला होता. दुरुस्तीवाला आला. त्याने बॅटरी मारली आणि म्हणाला, “मायका गेलाय. आत काय ठेवलं होतं?”

आम्ही तिघंही गप्प. सौ.ने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आईने जपमाळ घेतली.

“सांगा हो, लाजू नका,” तो म्हणाला. “रोज बघतो मी. कुणी कपात चमचा विसरतं, कुणी हॉटेलचं पार्सल फॉइलसकट ठेवतं. मागच्या महिन्यात एका घरी देवाची चांदीची वाटी ठेवली होती, नैवेद्य गरम करायला.”

“काजूकतली,” मी म्हणालो.

तो बॅटरी बंद करून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. “हे नवीन आहे,” असं म्हणून त्याने अभ्रकाचा नवा पत्रा कात्रीने कापला, बसवला, आणि पैसे घेताना पुन्हा एकदा ‘काजूकतली’ असं स्वतःशीच म्हणाला. आता तो पुढच्या घरी लाजू नका म्हणताना आमचंच उदाहरण देत असणार.

सध्या आमच्या मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजले जातात आणि माझा दुसरा चहा गरम होतो, तोही कानाला चिरलेल्या एका साध्या कपात, कारण सोनेरी काठाचा सेट पुन्हा शोकेसमध्ये गेला आहे. बाकी सगळं गॅसवर, स्टीलमध्ये.

तर तुम्ही दिवाळीत आमच्याकडे आलात आणि मिठाई आणायचीच असेल, तर कृपा करून बिनवर्खाची आणा. आंबा बर्फी चालेल.